पाठीमागची खुर्ची

फराळाचे ताट समोर असताना भांडण उकरून काढू नये, एवढी रीत मलाही कळते. पण माझे हे भांडण फराळाच्याच परातीतून निघाले आहे. तेव्हा वाचक-भगिनींनी, आणि त्यांच्या हातून हळूच अंक ओढून घेणाऱ्या त्यांच्या यजमानांनीही, ते थोडे सोसून घ्यावे.

लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी होती. चकलीच्या भाजणीचे तांदूळ निवडायला म्हणून सासूबाईंनी परात माझ्यापुढे सरकवली आणि स्वतः समोर पाट घेऊन बसल्या. कामाला त्यांनी हात लावला नाही. नुसत्या पाहत राहिल्या. माहेरी आमचा तांदूळ दुकानातला; त्यात खडा सापडला तर घरात बातमी व्हायची. सासरचा तांदूळ शेतातला, खळ्यावरून आलेला. त्यातला खडा तांदळाच्याच रंगाचा आणि तांदळाच्याच अंगाचा. तो ओळखायला डोळा लागतो, आणि तो डोळा मला अजून आलेला नव्हता. सासूबाईंची नजर बोटांवर आहे म्हटल्यावर बोटे थांबता कामा नयेत, एवढेच मला सुचले. पिवळट दाणा दिसला, काढ. कणी दिसली, काढ. टोक मोडलेला दिसला, काढ. अर्ध्या तासात परातीच्या काठाला ढीग लागला. "केवढा कचरा निघाला गं!" म्हणून शेजारच्या काकूंनी कौतुकही केले. पुढे भाजणी दळून आली, चकल्या झाल्या, आणि मामंजींनी पहिलीच चकली तोंडात घालून चेहरा वाकडा केला. कचकच! काढला तो सगळा चांगला तांदूळ होता. खडे जिथल्या तिथे राहिले होते आणि गिरणीने त्यांचे इमानेइतबारे पीठ करून दिले होते.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे आताच सांगून टाकते. पुढच्या वीस वर्षांत त्यांनी मला जे दिले, त्यापुढे त्या चकल्यांची कचकच काहीच नाही. त्यांची समजूत एवढीच होती की, आपण पाहत बसलो म्हणजे समोरचीचे काम नीट होते. ही समजूत त्यांच्या एकटीची असती, तर मी ती दिवाळी अंकाच्या पानावर आणली नसती. पण ती आमच्या गावातल्या कारखान्यांची आहे, शाळांची आहे, माझीही होती. आणि तिच्यापायी एका मुलीची नोकरी गेली. म्हणून हे लिहिणे.

मी इचलकरंजीत शिकवते. १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग आला, आणि तेव्हापासून हे गाव मागाच्या खटखटाटात झोपते आणि त्याच खटखटाटात उठते. माझी एक विद्यार्थिनी दहावीनंतर मेंडिंगच्या कामाला लागली. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा ताका तिरप्या टेबलावरून, दिव्याच्या उजेडात, हळूहळू ओढायचा. तुटलेला उभा धागा, सुटलेला आडवा धागा, गाठ, तेलाचा डाग, पातळ पडलेला पट्टा, जे काही असेल ते डोळ्यांनी टिपायचे. चिमट्याने, कातरीने, सुईने सुधारेल ते सुधारायचे, आणि न सुधारेल तेथे खूण करायची. ऐकायला हे सोपे वाटते. पांढऱ्यावर पांढरे शोधून पाहा, म्हणजे कळेल.

त्या कारखान्याचा एक शिरस्ता होता. नवी बाई आली की पहिले पंधरा दिवस तिच्या टेबलामागे, हातभर अंतरावर, दिवाणजी खुर्ची टाकून बसत. भिंतीवर कॅमेराही होताच. तो मालकांना घरबसल्या फोनवर दिसे. जुन्या बायका पलीकडच्या खोलीत काम करीत, आणि त्यांच्याकडे पाहायला सहसा कोणी फिरकत नसे. "त्यांना काय बघायचं? तयार आहेत त्या," असा त्यामागचा हिशेब. माझ्या विद्यार्थिनीला नवव्या दिवशी घरी पाठवले. धड कापडावर तिने खुणा केल्या होत्या, आणि हातभर लांब सुटलेला धागा तसाच पुढे जाऊ दिला होता. व्यापाऱ्याने तो माल परत केला.

ती माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती. नुसती चक्रावलेली होती. म्हणाली, "बाई, मला कापड दिसतच न्हवतं बघा. मागं दिवाणजी हाईत, एवढंच दिसायचं. पाठीला डोळं फुटल्यागत झालं."

परातीपुढे बसलेली मी मला आठवले. दुसऱ्या दिवशी मी मालकांकडे गेले.

मालक सज्जन गृहस्थ. त्यांनी चहा मागवला, मुलीबद्दल वाईट वाटते म्हणाले, आणि मग मला विचारले, "बाई, तुम्ही वर्गात पोरांवर नजर ठेवत नाही काय? नजर हटली की काम हटलं. हे काय मी तुम्हाला सांगायचं?"

या प्रश्नाला त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. मॅट्रिकपुढे न गेलेली मी बाई. कादंबऱ्या लिहिते म्हणून लोक मला शहाणी समजतात एवढेच. पण वाचनालयाचे कार्ड आणि ओळखीच्या एका प्राध्यापकांची सोशिक वृत्ती, या दोहोंच्या जोरावर मी त्या प्रश्नाच्या मागे लागले. जे हाती आले ते आधी मालकांच्या बाजूचे निघाले, आणि ते लपवून ठेवणे मला शोभणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसांच्या नजरेतून शत्रूच्या खुणा निसटत. हे का होते ते शोधण्यासाठी केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक घड्याळ केले. त्याचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. या घड्याळाचा काटा सेकंदाला एक पाऊल टाके, आणि मधूनच केव्हातरी एकदम दोन पावलांची उडी घेई. उडी दिसली की कळ दाबायची. एकट्या माणसाला खोलीत कोंडून दोन तास हे काम दिले, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासातच त्याची नजर ढिली पडू लागे. माणूस आळशी नव्हता, डोळे उघडे होते, तरी उड्या निसटत. पुढे अमेरिकेत १९६३ साली अशाच कामाचा आणखी एक प्रयोग झाला. ओळीने पेटणाऱ्या दिव्यांपैकी एखादा पेटला नाही तर बटण दाबायचे. काही उमेदवारांना एकटे बसवले. काहींना सांगितले की वरिष्ठ अधिकारी अधूनमधून डोकावून जातील, आणि ते खरोखरच डोकावले. ज्यांच्याकडे अधिकारी डोकावत, त्यांचे काम सुमारे एकतृतीयांशाने अधिक बिनचूक झाले.

म्हणजे मालकांचे बरोबर? थांबा. दिवा पेटला नाही, हे ओळखायला शिकावे लागत नाही. तेथे शत्रू एकच, डुलकी. आणि साहेबांच्या बुटांचा आवाज डुलकीवर चांगला उतारा आहे. पण जेथे मुळात ओळखायचे काय हेच अजून डोळ्याला कळलेले नाही, तेथे बुटांचा आवाज काय करणार?

याचे उत्तर या घड्याळाच्या पन्नास वर्षे आधीच कोणाला तरी अर्धेमुर्धे दिसले होते. १८९८ साली अमेरिकेतल्या नॉर्मन ट्रिपलेट यांनी चाळीस मुलांना मासे धरण्याच्या गळाची फिरकी फिरवायला लावली, कधी एकट्याने, कधी दुसऱ्या मुलाच्या जोडीने. पुस्तकांत नेहमी सांगतात की जोडीने मुले जलद फिरवू लागली. सांगत नाहीत ते असे की, वीस मुले जलद झाली, दहांना काही फरक पडला नाही, आणि दहा मुले इतकी बावरली की त्यांचे काम बिघडले. चाळीसांत दहा! माझ्या वर्गात चाळीसच मुले आहेत. ती दहा कोण, हे मी डोळे मिटून सांगू शकेन.

या दोन्ही गोष्टींचा मेळ १९६५ साली रॉबर्ट झायन्स यांनी घातला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दुसरा कोणी जवळ असला की अंगात एक प्रकारची धग चढते, आणि त्या धगीत माणूस जे त्याच्या हाताशी सर्वांत आधी येते तेच करतो. ज्याला काम येते त्याच्या हाताशी आधी येते ते बरोबर असते; म्हणून तो पाहणाऱ्यासमोर अधिक चांगले करतो. ज्याला काम अजून येत नाही त्याच्या हाताशी आधी येते ते चुकीचे असते. म्हणून तो पाहणाऱ्यासमोर अधिक चुकतो. हे माणसाच्या अहंकाराशी जोडलेले आहे की आणखी खोलचे, हे पाहण्यासाठी झायन्स आणि त्यांचे सहकारी १९६९ साली चक्क झुरळांकडे वळले. (फराळ करता करता वाचणाऱ्यांची क्षमा मागते.) सरळ वाटेने पळायचे असेल तर, भिंतीपलीकडून इतर झुरळे पाहत असताना झुरळ अधिक जलद पळे, वळणाची वाट शोधायची असेल तर तेच झुरळ प्रेक्षकांपुढे अधिक वेळ लावी. सासूबाईंसमोर माझे जे झाले ते झुरळाचेही होते, हे वाचून मला मोठा धीर आला.

आता माझे म्हणणे मांडते, आणि ते एकच आहे. पाहायचेच असेल तर जुन्याकडे पाहा. नव्याला एकटे सोडा. आपण सगळे याच्या अगदी उलट करतो. मेंडिंगच्या टेबलाशी पंधरा वर्षे घालवलेल्या बाईचा डोळा तयार असतो; तिला धोका असतो तो मरगळीचा, तिसऱ्या तासाला नजर कापडावरून नुसतीच घसरत जाण्याचा. तिच्याकडे तासाभराने कोणी "काय मावशी, कसं चाललंय?" म्हणून चक्कर टाकली तर तिचेही भले आणि कापडाचेही. मॅकवर्थच्या प्रयोगात मध्येच एक फोन करून "जरा नेट लावा" एवढे म्हटले, तरी ढळलेली नजर पुन्हा ताळ्यावर आली होती. पण त्या बाईच्या खोलीकडे कोणी फिरकत नाही. आणि जिला गाठ कशी दिसते हे अजून कळायचे आहे, तिच्या मानेवर मात्र आपण दिवाणजी, कॅमेरा आणि जमल्यास देवाचा फोटोही बसवतो.

या शोधांचा पसारा मी वाढवून सांगणार नाही. बाँड आणि टायटस यांनी १९८३ साली अशा २४१ अभ्यासांची बेरीज-वजाबाकी केली, तेव्हा दुसऱ्याच्या असण्याचा परिणाम एकंदरीत लहानच निघाला. जितका नफा मालकांना वाटतो तितका तो नाही, आणि जितके नुकसान मला त्या दिवशी वाटले तितके तेही कदाचित नसेल. पण खुर्चीचा नफा लहान असेल, तर त्या लहान नफ्यासाठी एका मुलीची भाकरी पणाला का लावायची, हे मालकांनी सांगावे.

शिवाय नजर कोणाची, हाही प्रश्न आहेच. तपासणाऱ्याला मालकच पाहतो असे नाही. ज्याचे काम तपासले जाते तोही पाहतो. खोट निघाली तर विणणाऱ्याच्या मजुरीला कात्री लागू शकते. तो विणणारा दारात उभा असला, तर त्याच्या डोळ्यांपुढे खूण करायला काय लागते, हे त्या टेबलापाशी बसल्याशिवाय कळायचे नाही. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याचे नाव हल्ली प्रत्येक व्यवस्थापनशास्त्रज्ञाच्या तोंडी असते: माणसांकडे लक्ष दिले की ती अधिक काम करतात म्हणे. तेथल्याच दुसऱ्या एका खोलीची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. १९३१-३२ साली त्या खोलीत चौदा माणसे कामाला होती. त्यांपैकी दोघे तपासनीस. त्यांतला एक बाहेरचा, कडक, नियमावर बोट ठेवणारा. बाकीच्यांनी त्याला असे वाळीत टाकले, असे छळले, की शेवटी त्याला तेथून हलवावे लागले. त्याची तपासणी चुकीची होती असे नव्हे. ती सर्वांच्या देखत होती.

आणि समजा, पाहणारा अगदी देवमाणूस आहे. तरी तो तपासणाऱ्याच्या डोळ्यांतून पाहू शकतो काय? त्याला दिसते ते हाताचे हलणे. म्हणून तपासणारा हात हलवतो. मी चांगला तांदूळ काढला. माझ्या विद्यार्थिनीने धड कापडावर खुणा केल्या. तपासणीत चुका दोन तऱ्हेच्या असतात: खोट सुटणे आणि चांगल्याला खोट म्हणणे. मागे कोणी बसले की माणूस यांपैकी जी चूक मागच्याला कामासारखी दिसेल ती करतो. ढीग वाढतो, आणि ढिगाकडे पाहून मागचा खूश होतो. कॅमेऱ्याला तर ढिगापलीकडे काही दिसतच नाही. ज्या दिवशी कापड खरोखर निर्दोष असेल, त्या दिवशी काहीही न काढता स्वस्थ बसून राहण्याचे धैर्य कॅमेऱ्याखाली बसलेल्या नव्या मुलीने कोठून आणावे?

खरी अडचण तर आणखीच वेगळी आहे. खोट जितकी क्वचित, तितकी ती निसटते. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हे मोजून दाखवले. शोधायची वस्तू दर दोन चित्रांमागे एकात होती तेव्हा लोकांनी ती शेकड्याला सात वेळा चुकवली. तीच वस्तू शंभरांत एकदा येऊ लागली तेव्हा चुकण्याचे प्रमाण शेकड्याला तीसवर गेले. डोळे तेच, चित्रे तशीच. "नाही, नाही, नाही" म्हणत राहिलेल्या डोळ्याला "आहे" दिसेनासे होते. कारखाना जितका चांगला चालेल, तितके मेंडिंगवालीचे काम कठीण होत जाणार. आणि त्यावर उपाय म्हणून खुर्ची जवळ ओढणे म्हणजे चाळिशी लागलेल्याला मोठ्याने वाचून दाखव म्हणण्यापैकी आहे. एडवर्ड्स डेमिंग १९५० साली जपानात व्याख्याने देऊन आले. जपानी कारखानदारांनी त्यांचे ऐकले आणि पुढचे जगाने पाहिले. त्यांच्या चौदा सूत्रांत तपासणीवर भिस्त ठेवणे सोडा हे एक आहे, आणि कामावरून भीती हाकलून लावा हे दुसरे. आमच्याकडे जपानी यंत्रे येतात. सूत्रे वाटेत कोठे उतरून जातात कोण जाणे.

मग नवीला शिकवायचे कसे, असे मालकांनी मला विचारले होते. उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. त्या मुलीच्याच गल्लीत मिळाले. तेथे एक म्हातारी मेंडरबाई आहे. मोतीबिंदूने काम सुटलेले. तिने मुलीला घरी बोलावले, खिडकीपाशी बसवले आणि वार दोन वार कापडाचा एक तुकडा पुढे टाकला. म्हणाली, "यात अकरा हाईत. मी मोजल्यात. सापडलं की हाक मार." आणि ती चहा टाकायला आत निघून गेली. पहिल्या दिवशी मुलीला सहा सापडले. म्हातारीने उरलेले पाच बोटाने चाचपून दाखवले. डोळ्यांनी तिला ते दिसत नव्हते. तिसऱ्या दिवशी नऊ. मग तिने एकही खोट नसलेला तुकडा दिला आणि किती आहेत ते सांगितलेच नाही. मुलगी तासभर शोधत बसली, आणि शेवटी भीत भीत म्हणाली, "आजी, यात काय न्हाई." त्यावर म्हातारीने तिला चहाबरोबर लाडू दिला. विमानतळावर सामान तपासणाऱ्यांच्या पडद्यावर मुद्दाम खोट्या शस्त्रांची चित्रे सोडतात, आणि पकडली की लगेच तसे कळवतात, असे मी नंतर वाचले. म्हातारीने ते वाचलेले नाही.

माझे सांगायचे तर, मीही मुलांच्या मागे उभी राहत असे. पहिलीतला एक मुलगा 'क्ष' काढताना पेन्सिल इतकी दाबी की कागद फाटे. मी त्याच्या मागून पुढे निघून गेले की कागद फाटत नसे. हे माझ्या ध्यानात यायला तीन महिने लागले, आणि तेही शेजारच्या वर्गातल्या बाईंनी सांगितले म्हणून. आता नवे अक्षर असेल तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभी राहते. पाढे येणाऱ्यांच्या मागे मात्र हटकून जाते. तेथे त्यांना मजा येते, आणि मलाही. तपासनीस आले की हा क्रम त्यांना उलटा वाटतो. अधिकाऱ्यांसमोर माझाही आवाज चढतो, तेव्हा त्यावर मी त्यांच्याशी फार वाद घालीत नाही.

ती मुलगी आता गावातच दुसऱ्या कारखान्यात लागली आहे. तेथे टेबले भिंतीला पाठ लावून मांडलेली आहेत. मागे खुर्ची मावत नाही, जागा अपुरी म्हणून. मालकाने हे काही विचार करून केले असेल असे मला वाटत नाही.

पहिल्या मालकांना मी हे सगळे चार पानी पत्रात लिहून कळवले. मॅकवर्थ, झुरळे, म्हातारीचे अकरा, सगळे. त्यांनी पुन्हा चहाला बोलावले, पत्र सावकाश वाचल्याचे सांगितले, आणि विचार करतो म्हणाले. गेल्या महिन्यात कळले की त्यांच्याकडे आता एकाऐवजी दोन कॅमेरे झाले आहेत. दुसरा दिवाणजींच्या खुर्चीवर रोखलेला आहे.